शनीवरचा राक्षस आणि वाटीभर तेल

माझ्या हातून आयुष्यात एकच जण असा जन्माला आला, जो माझ्यापेक्षा जास्त लोकांच्या ओळखीचा झाला. आणि तो माणूस नव्हता. शनी ग्रहावरचा राक्षस होता. मुलं पुढे झाली, पण ती त्यांच्या आईवर गेली. राक्षस मात्र नखशिखांत माझा. निदान पहिल्या वर्षी तरी होता.

रशियानं आकाशात तो बीप बीप करणारा चेंडू सोडला, तेव्हा मी अकोल्यात सरकारी बांधकामाच्या ऑफिसात कारकून होतो. मूळचा अमरावतीचा, पण नोकरीसाठी मोर्ना नदीपलीकडे जुन्या शहरात दोन खोल्या घेऊन आईसह राहत होतो. ऑफिसात विज्ञानाचा जाणकार म्हणून माझा दबदबा होता. इंटर सायन्सला दोनदा नापास झाल्यामुळे विज्ञानाचा माझा अभ्यास इतरांपेक्षा दुप्पट होता, हे कोणालाही मान्य करावं लागे.

आमच्या ऑफिसचा एक क्लब होता. सव्वीस जानेवारीच्या सुमारास हा क्लब नदीकाठच्या एका शाळेच्या पटांगणात नाटक करी. दरवर्षी तेच ऐतिहासिक नाटक, त्याच पुठ्ठ्याच्या तलवारी, आणि दुसऱ्या अंकात सुटणारी तीच मिशी. त्या वर्षी मी कमिटीत उभा राहून म्हणालो, "जग चंद्रावर चाललं, आपण अजून किल्ल्यावरच चढून राहिलो." आमचे हेडक्लार्क क्लबचे अध्यक्ष होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग तुम्हीच लिहा." असं म्हटलं की मराठी माणूस गप्प बसतो, हा त्यांचा अनुभव. मी बसलो नाही. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक चुका अशा, गप्प न बसल्यानं झाल्या आहेत.

नाटक असं, की शनी ग्रहावरून एक राक्षस येतो आणि पृथ्वीवरचं पाणी पळवू पाहतो. त्याचं नाव मी 'वलयाधिपती' ठेवलं. एक तरुण शास्त्रज्ञ त्याला अणुकिरणांनी मारतो. शास्त्रज्ञासाठी चष्मा असलेला कोणीही चालणार होता. राक्षसासाठी मात्र माझ्या मनात एकच माणूस होता.

तो आमच्याच ऑफिसात ट्रेसर होता. खिडकीशी बसून रस्त्यांचे, पुलांचे नकाशे मेणकापडावर उतरवायचा. माझ्याच वयाचा, मॅट्रिक, आणि जिभेनं माझ्यापेक्षा धारदार. छप्पन साली घरादारासकट नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला होता. त्याच्या आधी गावोगावच्या जलशांतून गायलेला. आवाज असा, की शेजारच्या टेबलाला "रबर दे" म्हणाला तरी आतून साहेब विचारत, "काय झालं?" आणि अशा माणसाला क्लबनं इतकी वर्षं काय काम दिलं होतं? भालदाराचं. भाला धरून उभं राहायचं, आणि तिसऱ्या अंकात एकदा "महाराजांची स्वारी येत आहे" म्हणायचं.

मी त्याला राक्षसाचं विचारलं तेव्हा त्यानं पेन खाली ठेवलं.

"मरा लागन ना शेवटी?"

"मरावं लागेल."

"मरतो. पण मरायच्या आधी बोलाले किती आहे?"

मी पानं दाखवली. त्यानं ती तिथंच, उभ्या उभ्या वाचली. मग म्हणाला, "सात वर्सं भाला धरून उभा राहिलो बे. लोकायले वाटे, पडद्याचाच खांब आहे. आता हे सोंग मी सोडत नाही, सांगून ठेवतो."

हे त्यानं हसत म्हटलं. पण त्याला तेवढी एकच गोष्ट हवी होती, हे मला तेव्हाही कळलं होतं.

पोशाखाचं माझ्याकडे होतं. जुन्या छत्र्यांचं काळं कापड शिवून झगा केला. डोक्याला घासलेटचा डबा कापून शिरस्त्राण. आणि शनीचं कडं हवं म्हणून प्रेसिंग फॅक्टरीतून कापसाच्या गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्या आणल्या, वाकवून गोल केल्या आणि त्याच्या कमरेभोवती तारांनी टांगल्या. प्रयोग शनिवारी ठेवावा, हीही सूचना माझीच, कारण दुसऱ्या दिवशी सुट्टी. म्हणजे बघा: अंगात काळं, कमरेला लोखंड, वार शनिवार. एवढं सगळं मी आपल्या हातानं जुळवलं, आणि हे काय होऊन राहिलंय ते मला कळू नये! विज्ञानाच्या नादात माणूस आंधळा होतो म्हणतात, ते खोटं नाही.

पहिल्या प्रयोगाला जुनं शहर लोटलं होतं. थंडी होती, लोक घोंगड्या पांघरून बसले होते. तो रंगमंचावर आला, पट्ट्या खणखणल्या, आणि त्यानं गर्जना केली, "पृथ्वीवरच्या क्षुद्र किड्यांनो! तुमची ही मोर्ना मी शनीवर घेऊन जाणार!"

मागून कोणीतरी ओरडलं, "पाणी असन त नेशीन ना बे!"

सगळं पटांगण हसलं. त्यानं मात्र घाई केली नाही. डब्यातलं डोकं हळूच त्या आवाजाच्या दिशेनं वळवलं, पुरेसा वेळ जाऊ दिला आणि अगदी खालच्या सुरात म्हणाला, "मंग वाळू नेतो."

हसणं जागच्या जागी थांबलं. एक पोरगं रडायला लागलं. हे वाक्य माझं नव्हतं. पण पुढं कितीतरी दिवस लोक मला थांबवून त्याच वाक्याची तारीफ करत आणि मी ती नम्रपणे स्वीकारत असे.

शेवटी शास्त्रज्ञानं लाल कागद लावलेल्या बॅटरीनं त्याला मारलं. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. तो पडल्यावर मात्र बायकांच्या बाजूला कुजबुज झाली, ती मला दुसऱ्या वर्षापर्यंत समजली नाही.

दुसऱ्या वर्षी राक्षस परत आणावाच लागला. गावाची मागणी होती. शास्त्रज्ञाबद्दल कोणी चौकशीसुद्धा केली नाही. मेलेला राक्षस परत कसा आला, हे पटवण्यासाठी मी अडीच पानांचं भाषण लिहिलं होतं. ते त्यानं गाळलं. म्हणाला, "कोणी विचारत नाही बे." खरंच कोणी विचारलं नाही. प्रयोग संपला, तो आत येऊन डबा उतरवणार, तेवढ्यात माझी आई पडद्यामागं आली. हातात वाटी, वाटीत तेल, तेलात काळे उडीद, आणि दुसऱ्या हातात रुईच्या पानांची माळ. मला काही बोलायला सुचायच्या आत तिनं वाकून ते तेल त्याच्या बुटांवर ओतलं.

तो दोन पावलं मागं सरला. "मावशी! काय करून राहिल्या?"

आई मान वर न करता म्हणाली, "तुले नाही रे बाबू, त्याले."

माझी ही आई. तो आमच्या घरी येई तेव्हा ओट्यावर बसे, आणि त्याची कपबशी खिडकीत वेगळी ठेवलेली असे. ती वाईट बाई नव्हती. पाऊस असला तर स्वतः चहा गाळून ओट्यावर नेऊन देई. पण आत ये म्हणून कधी म्हणाली नाही. मी नापास झालो, माझं लग्न जमत नव्हतं, तेव्हा मला साडेसाती आहे हे तिनं कधीचंच ठरवलं होतं. शनीचं देऊळ लांब. इथं तो स्वतः चालत आला होता.

"नाटकात मेला होता ना तो गेल्या वर्षी?" मी चिडून म्हणालो.

"नाटकात मेला," आई म्हणाली. "शनी कुठं मरते का? आला ना परत?"

तिच्यामागं आणखी चार बायका वाट्या घेऊन उभ्या होत्या.

त्या गेल्यावर तो बराच वेळ बुटांकडे पाहत बसला. मला वाटलं, रागावला. पण तो हसायला लागला. "आमी बावीस शपथा घेतल्या राजा. देवाले मानणार नाही, पूजणार नाही, सगळं आलं त्यात. पण देव होणार नाही, अशी शपथ घ्यायची राहून गेली."

मग हसू थांबवून म्हणाला, "हे बंद कर मात्र. तू लिहिलं, तूच बंद कर. मले राक्षस म्हणून मारा, पूजू नका."

मी शब्द दिला. मला उपाय सोपा वाटला होता: राक्षसाला इतका दुष्ट करायचा, की तेल ओतायचा कोणाला धीरच होणार नाही. तिसऱ्या वर्षी मी त्याच्या हातून काय काय करवलं! त्यानं कपाशीवर अळी सोडली, गाईंचं दूध आटवलं, गोणीत पोरं भरली. लिहिता लिहिता मला स्वतःची भीती वाटायला लागली. आणि प्रयोगाच्या दिवशी लोक वाट्या नाही, बाटल्या घेऊन आले.

देवांचं गणित मला इंटर सायन्सच्या गणितासारखंच कधी कळलं नव्हतं. चांगल्या देवाला कोण विचारतं? जो छळतो त्यालाच तेल. मी जितका त्याला काळा केला तितकं तेल वाढलं. प्रयोग चालू असतानाच लोक पुढे येऊन ओतायला लागले. शास्त्रज्ञ अणुकिरण सोडण्यासाठी आवेशात धावला, तो त्या तेलावरून जो घसरला तो थेट पहिल्या रांगेत, आणि त्याची बॅटरी अध्यक्षांच्या पोटावर. त्या वर्षी अणुकिरणांनी हेडक्लार्क घायाळ झाले आणि राक्षस जिवंत राहिला. लोकांना तेच न्यायाचं वाटलं.

"वा," तो मला म्हणाला. "चांगलं बंद केलं."

चौथ्या वर्षी मी ग्रहच बदलला. शनीवरून हाकलला गेलेला राक्षस आता मंगळावर राहतो, असं दाखवलं. झगा लाल केला, कडं काढून टाकलं. मंगळाला कोणी तेल वाहत नाही, एवढा अभ्यास मी यावेळी करून ठेवला होता. एवढाच केला होता.

प्रयोग संपला, तेल नव्हतं. मी समाधानानं विडी पेटवतो आहे तोच पडद्यामागं तीन-चार धोतरवाले गृहस्थ आले. प्रत्येकाच्या हातात गुंडाळी. मुलींच्या पत्रिका होत्या. ज्यांच्या मुलींना मंगळ होता, त्या साऱ्या बापांना मी बोलावून घेतलं होतं.

त्यातला एक जुन्या शहरातलाच धान्याचा अडत्या. तो सरळ राक्षसाच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाला, "महाराज, तीन वर्सं झाले, पोरगीचं जमत नाही. काही सांगा."

राक्षस माझ्याकडे पाहायला लागला. मी विडीकडे. शेवटी त्यानं आपल्या त्या आवाजात सांगितलं, "शिकवा पोरगीले. म्याट्रिक होईपर्यंत लग्नाचं नाव काढू नका."

"जशी आज्ञा," अडत्या म्हणाला आणि पाठ न दाखवता मागं मागं जात बाहेर पडला.

आणि त्यानं खरंच पोरीला शाळेत घातलं. माझ्या एकूण लेखनाचा समाजावर झालेला हा एकमेव परिणाम, आणि ते वाक्यसुद्धा माझं नाही.

पण गाव लहान असतं. महिन्याभरात अडत्याला कोणीतरी सांगितलं, की लाल झग्याच्या आत कोण होतं. तो ऑफिसात आला आणि अध्यक्षांच्या टेबलापुढं उभा राहून म्हणाला, "साहेब, मी कोणाच्या पाया पडून राहिलो, हे मले आधी सांगाले पाहिजे होतं." मोठ्यानं बोलला. खिडकीशी बसलेल्याला ऐकू जाईल असं. खिडकीशी पेन चालतच राहिलं. पण त्या दिवशी त्याच्या नकाशावर शाई सांडली होती, तशी पूर्वी कधी सांडली नव्हती. त्या पोरीचं पुढं काय झालं ते मला कळलं नाही.

पुढच्या प्रयोगाची कमिटी बसली ती अष्टग्रहीच्या आधी. आठ ग्रह एका राशीत येणार आणि जग बुडणार, अशी तेव्हा साऱ्या देशात आवई होती. अकोल्यात ठिकठिकाणी होम चालले होते. लोकांना शनी परत हवा होता. मंगळावर भागणार नव्हतं.

अध्यक्ष घसा साफ करून म्हणाले, "हे बघा, राक्षस होता तोवर काही प्रश्न नव्हता. आपण सगळे सुधारलेले आहोत. प्रश्न आपला नाही, लोकांचा आहे. यंदा सगळं गाव पाया पडायला येणार. उद्या चार अडत्ये आले म्हणजे?"

"म्हणजे त्याला काढायचं?" मी विचारलं.

"काढायचं कशाला? काढायचं कोण म्हणतं?" अध्यक्षांना खरंच वाईट वाटलं. "झगा स्टोअरकीपरनं घालावा. उंच आहे, गोरा आहे. आवाज मात्र त्यांचाच पाहिजे. पडद्यामागून, माईकवरून. त्यांच्यासारखा आवाज कोणाचा आहे? तुमचे मित्र आहेत, तुम्हीच विचारून बघा."

शनी गोरा कसा, असा एक शास्त्रीय मुद्दा मी काढला. लोक हसले. मीही हसलो, आणि कमिटी संपली.

ऑफिसबाहेरच्या चहाच्या टपरीवर मी शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत पुसत त्याला हे सांगितलं. सांगताना वाक्याची सुरुवात तीन प्रकारे करून पाहिली, आणि तिन्ही वेळा ती 'कमिटीचं म्हणणं असं' अशीच झाली. तो बशीत चहा ओतत ऐकत होता.

"पोरं गोणीत भरून नेत होतो, तवा मी चाललो," तो म्हणाला. "दूध आटवलं, तवाबी चाललो. लोक पाया पडाले लागले, तवा यायले माही जात आठवली."

"तुला तर ते तेल नकोच होतं."

"तेल नकोच होतं बे! मी तेल कधी मांगतलं? मी नाटक मांगतलं." बशी तशीच धरून तो म्हणाला, "आन आता म्हणते, आवाज दे. म्हणजे मी पडद्यामागं बसन, आन माह्या गळ्यातून तो गोरा बोलन. तू काय म्हणला?"

"मी म्हणालो, त्याला विचारतो."

"मंग विचारून झालं ना?"

तो उठला. बशीतला चहा तसाच होता. टपरीवाल्यानं विचारलं, "काहून, साखर कमी झाली का?" मी हो म्हणालो.

त्या वर्षी तो आला नाही. तालमीला नाही, प्रयोगाला नाही. आणि राक्षसाला आवाज कोणी द्यायचा, या प्रश्नाचं उत्तर कमिटीनं माझ्याकडे बघून दिलं. सगळे संवाद मलाच पाठ होते.

माझा आवाज कसा आहे, हे जे मला ओळखतात ते जाणतात. शाळेत कविता म्हणायला उभा राहिलो की मास्तर बाहेर बकरी बघायला जात. मी शास्त्रीय उपाय केला. रिकाम्या माठात तोंड घालून बोललं की आवाज घुमतो. घरी तालीम केली तेव्हा आईसुद्धा दचकली. पण माठात तोंड असलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही, हे तत्त्व त्यात राहून गेलं होतं.

पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. जग बुडण्याच्या भीतीनं लोक तेलाचे डबे घेऊन आले होते. स्टोअरकीपर आला, दोन्ही हात उंचावून तोंड उघडलं. काही नाही. त्यानं तोंड मिटलं. मग मी सुरू झालो. तो घाबरून पुन्हा तोंड उघडेपर्यंत मी थांबलो होतो. शास्त्रज्ञ बोलायचा तेव्हा राक्षसाची गर्जना, आणि राक्षस पाय आपटायचा तेव्हा शांतता. बरं, त्या जुन्या माईकनं माठाचा घुमारा खाऊन टाकला होता आणि बकरी तेवढी पुढं पाठवली होती.

"शनीले सर्दी झाली बे!" कोणीतरी ओरडलं म्हणे.

मग जे हसणं सुटलं! घाबरून आलेले लोक जास्त हसतात. म्हाताऱ्या हसल्या, होम करून आलेले हसले. मला माठात फक्त गडगडाट ऐकू येत होता. तो भीतीचा समजून मी आणखी रंगात आलो.

तेलाचे डबे भरलेलेच परत गेले. आईची वाटीही. घरी जाताना ती वाटीवर पदर धरून चालत होती. मी विचारलं, "काय झालं? ओतलं नाहीस?"

"कोणावर ओतू?" ती म्हणाली. "तो गेला."

जे मला दोन वर्षं लेखणीनं जमलं नाही, ते माझ्या आवाजानं एका संध्याकाळी केलं. जगही बुडालं नाही. अध्यक्षांनी माझी पाठ थोपटली. पुढच्या वर्षी चीनचं युद्ध होऊन गेलेलं, म्हणून राक्षसाला लोंबत्या मिशा चिकटवल्या; तो पृथ्वीवर येऊन पायजम्यात अडकून पडायचा, भजी चोरायचा, मार खायचा. लोक खूश होते. मी त्याच्यासाठी लिहायचं सोडलं होतं. कमिटीतला कोणीही लिहू शकत होता, आणि लिहीत होता. एकदा तालीम बघायला गेलो तर माझा वलयाधिपती आरशात बघून मिशीला तूप लावत होता. मी बसलो आणि पाहिलं. कशाकशाची सवय होते माणसाला.

मग अध्यक्षांना एक चांगला विचार सुचला. "आता लोक पाया पडत नाहीत," ते म्हणाले. "मग तुमच्या त्या मित्रांना बोलवायला काय हरकत आहे? विनोदी कामही उत्तम करतील."

तो तोपर्यंत बदली मागून घेऊन अमरावतीला गेला होता. मी रविवारच्या बसनं गेलो. माझा जन्म अमरावतीचा, शाळा तिथली, कॉलेज तिथलं, आमचं काळ्या मातीचं वावर तिथून दोन कोसांवर. पण त्याच्या वस्तीचा रस्ता मला तिघांना विचारावा लागला. तिसऱ्यानं विचारलं, "नवे का साहेब गावात?" मी हो म्हणालो. ओळख सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

त्यानं मला आत नेलं, बसवलं, चहा दिला. मी निरोप सांगितला. आनंदानं सांगितला, मला वाटत होतं, त्याला हवं तेच मी घेऊन आलो आहे.

तो ऐकून घेत बोटं मोडत राहिला. "राक्षस चालला. देव नाही चालला. आता जोकर चालते."

"तू आलास तर मी परत लिहीन. पहिल्यासारखा. भयंकर."

"लिहिशीन. मंग कमिटी वाचन." तो उठून दारात गेला. "एप्रिलात ये. आमच्या वस्तीत जयंतीचा कार्यक्रम असते. मीच नाटक लिहिलं यंदा. आभायातून येणाऱ्याचंच आहे."

हा होकार आहे, असं समजून मी परत आलो. अध्यक्षांना तसं सांगितलंही.

एप्रिलात गेलो. दिवस मावळत होता. वस्तीतल्या लोकांनी मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. बाकी सगळे खाली सतरंजीवर. "हे अकोल्याचे लेखक," कोणीतरी सांगितलं, आणि पोरं माझ्याकडे टकमक पाहायला लागली.

नाटकात एक शिडी होती. ती वर, कनातीच्या पलीकडे गेलेली; तिच्यावरून आभाळातला पाहुणा खाली उतरतो. तोच उतरला. डबा नाही, झगा नाही, पट्ट्या नाहीत. पांढरा शर्ट, काखेत छत्री. लोकांशी गोड बोलतो. मुलांच्या डोक्यावरून हात फिरवतो. लोक म्हणतात, आम्हाले वर यायचं आहे. तो म्हणतो, या की, शिडी तुमचीच आहे. फक्त एकदा वर विचारून येतो. वर जातो, आणि शिडी वर ओढून घेतो. थोड्या वेळानं पुन्हा शिडी खाली येते, पुन्हा तो उतरतो, तितकाच गोड. पुन्हा विचारायला जातो. शिडी पुन्हा वर.

मला ही कल्पना फार आवडली. दर वेळी शिडी सरसर वर जाई तेव्हा सगळ्यांच्या आधी मी हसत होतो. शेजारी सतरंजीवर बसलेल्याला म्हणालोसुद्धा, "राक्षस दाखवायची ही खरी रीत!" तो माणूस माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहत राहिला.

मग तिसऱ्यांदा वर जाण्याआधी त्या पाहुण्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं आधी डावी काच पुसली, मग उजवी, मग तो उजेडाकडे धरून एक डोळा मिटला. पोरं एकदम वळून माझ्याकडे पाहायला लागली. माझा चष्मा तेव्हा माझ्या हातात होता, आणि शर्टाचं टोक दुसऱ्या हातात.

हसणं उसळलं. मी चष्मा घालू की नको, हे मला ठरवता येईना. न घालता बसलो. त्यामुळे नाटकाचा शेवट मला धूसरच दिसला. शिडी कोणीतरी खालून धरून ठेवली, एवढं कळलं. टाळ्या खूप वाजल्या.

तो तोंडावरची पावडर पुसत माझ्याजवळ आला. बसस्टँडपर्यंत सोडायला निघाला. वाटेत त्यानंच विचारलं, "कसा वाटला?"

काहीतरी म्हणायला हवं होतं. त्यातून मी लेखक. म्हणालो, "राक्षस जरा सौम्य वाटला."

"सौम्यच असते तो," तो म्हणाला. "म्हणून त त्याले दरवर्सी लोक येऊ देते."

बस लागली होती. जानेवारीत येतोस का, हे विचारायचं मी ठरवून आलो होतो. मी पायरीवर चढलो, वळलो. त्यानं छत्री माझ्या हातात दिली. नाटकातली ती छत्री माझीच होती. अकोल्याच्या ऑफिसात कधीतरी विसरलेली. "घेऊन जा," तो म्हणाला, "दुसरी घेतली मी. पुढच्या वर्सीच्या खेळाले."

मी विचारलं नाही. अकोल्याला अध्यक्षांनी "काय म्हणाले?" म्हटलं, तेव्हा मी म्हणालो, वेळ नाही त्यांना. त्याचं नाटक पुढं बरीच वर्षं चाललं म्हणतात. पाहुणा दर वर्षी उतरायचा, कधी पुढारी म्हणून, कधी साहेब म्हणून. चष्मा मात्र कायम होता, असं तिकडून आलेल्या एका शिपायानं मला सांगितलं. मला बोलावणं आलं नाही. आलं असतं तर पहिल्या रांगेत बसावं लागलं असतं.